आरोग्यचिंतन : मधुमेह आणि बद्धकोष्ठ

गेल्या मासांत ह्या सदरांत मधुमेही मनुष्यानें पायांची निगा कशी राखावी ह्याविषयीं आम्हीं चार शब्द लिहिले होते. त्यावर जीं पत्रें आलीं, त्यांतील एका पत्रानें आम्हांस विशेष विचार करावयास लाविलें. पत्र लिहिणाऱ्या भगिनीनें आपलें नांव छापूं नये अशी विनंती केली आहे, आणि विषय पाहतां ती योग्यच आहे. त्या लिहितात कीं, यजमानांचें वय ६७ असून त्यांस १४ वर्षांपासून मधुमेह आहे. गेलें वर्षभर त्यांस तीन-तीन, चार-चार दिवस शौचास होत नाहीं. सासूबाईंच्या वेळेपासून चालत आलेला उपाय म्हणून त्या रोज रात्रीं त्यांस मूठभर भिजविलेल्या काळ्या मनुका, दोन चमचे गुलकंद आणि कपभर दूध देतात. त्यानें कोठा थोडा हलका होतो, परंतु सकाळची रक्तशर्करा चढते. ती चढली म्हणून मनुका बंद कराव्या, तर कोठा पुन्हां जड. “पोट सांभाळूं कीं साखर सांभाळूं ?” असा त्यांचा प्रश्न आहे.

आम्ही वैद्य नव्हे कीं डॉक्टर नव्हे; मुलांस संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. तथापि मधुमेहाची आणि आमची सोबत आज अकरा वर्षांची आहे, आणि ह्याच प्रश्नाच्या पायीं आम्हीं एकदां आपली चांगलीच फजिती करून घेतली आहे. ती हकीकत पुढें येईल. आरंभीं एवढेंच सांगतों कीं, हा विषय चारचौघांत बोलावयाचा नव्हे, अशी आपल्या घरांतून जी समजूत आहे, तीच ह्या दुखण्याची निम्मी वाढ करिते.

प्रथम बद्धकोष्ठ कशास म्हणावें हें पाहूं. रोज सकाळीं ठरल्या घटकेस शौचास झालेंच पाहिजे, नाहीं तर प्रकृति बिघडली, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. कोणास दिवसांतून दोनदां होतें, कोणास एक दिवसाआड होतें, आणि दोघेही निरोगी असूं शकतात. आठवड्यांतून तीन वेळांपेक्षां कमी होत असेल, मळ खडा होऊन कुंथावें लागत असेल, अथवा होऊनही कोठा मोकळा झाला नाहीं असें वाटत असेल, तर त्यास बद्धकोष्ठ म्हणावें. नुसता एक दिवस चुकला म्हणून रेचक घेणें ही रोगावरची नव्हे, मनाच्या समजुतीवरची चिकित्सा होय.

मधुमेही मनुष्यास हा उपद्रव इतरांपेक्षां अधिक कां होतो, ह्याचीं मुख्य कारणें चार आहेत.

पहिलें कारण पाण्याचें. रक्तांतील शर्करा साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढें गेली कीं ती लघवीवाटे बाहेर पडूं लागते, व जातांना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. शरीर कोरडें पडलें म्हणजे मोठें आतडें मळांतील पाणी अधिक शोषून घेतें, आणि मळाचे खडे होतात. म्हणजे शर्करा ताब्यांत नसणें हेंच पुष्कळदां बद्धकोष्ठाचें मूळ असतें. ज्या मनुकांनीं शर्करा चढते, त्याच मनुका एका बाजूनें कोठा हलवितात व दुसऱ्या बाजूनें त्यांतील पाणी आटवितात, हें आमच्या भगिनीनें ध्यानांत घ्यावें.

दुसरें कारण मज्जातंतूंचें. बहुत वर्षें शर्करा चढती राहिली असतां पायांचे तंतु बधिर होतात, हें गेल्या मासीं सांगितलेंच आहे. जठर आणि आंतडीं ह्यांची हालचाल आपल्या आज्ञेवांचून चालविणारेही तंतु आहेत, व तेही तसेच दुबळे होतात. मग अन्न पुढें सरकण्यास विलंब लागतो.

तिसरें कारण औषधांचें, आणि ह्याकडेच घरांत कोणाचें लक्ष नसतें. मधुमेहावरील नेहमीच्या मेटफॉर्मिनच्या गोळीनें बहुधा उलट पोट सैल होतें. परंतु वजन व शर्करा उतरविण्यासाठीं आतांशा सेमाग्लुटाइडसारखीं जीं नवीं औषधें निघालीं आहेत, तीं जठराची गति मंद करितात व कित्येकांस त्यांनीं बद्धकोष्ठ होतें. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबावरील कांहीं गोळ्या, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, पायांच्या आगीवर रात्रीं द्यावयाची अमिट्रिप्टिलिन, तसेंच कोडीन असलेलें खोकल्याचें औषध व ट्रॅमाडॉलसारखीं तीव्र वेदनाशामकें, ह्या सर्वांचा हा दोष आहे. म्हणून एखादी नवी गोळी सुरू झाली आणि त्यानंतर कोठा अडला, असा क्रम जुळत असेल तर तो डॉक्टरांस अवश्य सांगावा. मात्र गोळी आपल्या मनानें बंद करूं नये.

चौथें कारण आपल्या राहणीचें : चोथा नसलेलें अन्न, बैठें जीवन, आणि आलेला वेग दाबून धरणें. ह्याशिवाय थायरॉइड ग्रंथि मंद झाल्यानेंही कोठा जड होतो. उतारवयांत, विशेषतः स्त्रियांत, मधुमेहाच्या जोडीस हा विकार पुष्कळदां आढळतो. त्याची परीक्षा रक्ताच्या साध्या तपासणीनें होते.

आतां आमची हकीकत. दोन वर्षांपूर्वीं चातुर्मासांत आमचे पाय रात्रीं आग करूं लागले, म्हणून डॉक्टरांनीं निजतांना घ्यावयाची एक गोळी दिली. पाय शांत झाले, झोंप लागूं लागली, पण कोठा अडला. ही गोष्ट डॉक्टरांस सांगण्याचा आम्हांस संकोच वाटला. आम्हीं बाजारांतून एक चूर्ण आणविलें व तें घरांत कोणास न कळत घेऊं लागलों. पुढें चूर्णही चालेनासें झालें. एके दिवशीं, चौथा दिवस असेल, पोट फुगून अन्नावरची वासनाच उडाली. सकाळीं शर्करा उतरविणारी गोळी संवयीनें घेतली; न्याहारी मात्र केली नाहीं. ह्या गोळीनें पोटांत अन्न नसतांही शर्करा उतरते, हें आम्हांस ठाऊक होतें. पण ठाऊक असणें आणि त्या वेळीं आठवणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अकराच्या सुमारास शेजारचा एक मुलगा रामरक्षा म्हणावयास आला. चौथ्या श्लोकावर तो अडला, म्हणून आम्ही सांगूं गेलों, तों आम्हांसही पुढचा चरण आठवेना. जें स्तोत्र मुंजीच्या आधींपासून मुखोद्गत, तें ओठांवर येईना. अंगास दरदरून घाम सुटला, हात थरथरूं लागले. मुलगा घाबरून आंत धांवला. घरच्या मंडळींनीं यंत्रानें पाहिलें तों रक्तशर्करा ५८. त्यांनीं तत्काळ तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजली, व ती वर आल्यावर थोडा भात खाऊं घातला. त्या पंधरा मिनिटांत आम्हीं जें भय अनुभविलें, तें वर्णन करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. पण तें भय त्या मुलाच्या डोळ्यांतही दिसलें, ह्याची लाज आम्हांस अजून वाटते.

सायंकाळीं डॉक्टरांनीं सर्व ऐकून घेतलें व विचारिलें, “गुरुजी, पोट साफ होत नाहीं हें दोन महिन्यांत एकदांही कां बोललां नाहीं ?” उत्तर आमच्याजवळ नव्हतें. त्यांनीं रात्रींची गोळी बदलून दिली आणि कोठ्यासाठीं साधें औषध दिलें. तीन आठवड्यांत गाडें रुळावर आलें. दोष गोळीचा थोडा, आमच्या मौनाचा अधिक. म्हणून सांगणें असें कीं, जे इन्सुलिन घेतात किंवा शर्करा उतरविणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनीं पोट जड आहे म्हणून जेवण टाकूं नये. जेवणच जात नसेल तर औषधाचें प्रमाण काय ठेवावें, हें डॉक्टरांस त्याच दिवशीं विचारावें.

आतां घरगुती उपायांचा झाडा घेऊं. मनुका सारक आहेत ह्यांत संशय नाहीं, पण १०० ग्रॅम मनुकांत ६० ग्रॅमांहून अधिक साखर असते. मूठभर, म्हणजे सुमारें ३० ग्रॅम मनुका खाल्ल्या कीं चारपांच चहाचे चमचे साखर पोटांत गेली. गुलकंद तर गुलाबाच्या पाकळ्यांच्या बरोबरीनें वा दुपटीनें खडीसाखर घालूनच होतो. कपभर दुधांत सुमारें ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते, ती वेगळीच. हीं तिन्हीं एकत्र, तींही निजतेवेळीं दिल्यावर सकाळचा आंकडा चढला तर नवल तें काय ! एरंडेलाची गोष्ट निराळी. त्यांत साखर नाहीं, पण तो तीव्र रेच आहे. वृद्ध मनुष्याच्या अंगांतील पाणी आणि क्षार त्यानें झटकन् जातात. दर आठवड्यास एरंडेल देण्याची जुनी रीत मधुमेही वृद्धांस लावूं नये.

मग करावें काय ? पहिलें, ताट सुधारावें. दिवसाकाठीं सुमारें ३० ग्रॅम चोथा पोटांत जावा असें आहारशास्त्र सांगतें. आपल्या घरांतून मऊ भात, मेतकूट, तूप आणि बारीक चाळणीनें कोंडा काढलेल्या कणकेच्या पोळ्या ह्यांस मान फार. भाकरी मात्र दुय्यम मानली गेली. वस्तुतः ज्वारी, बाजरी, नाचणी आणि न चाळलेला गहूं ह्यांच्या १०० ग्रॅम पिठांत १० ते ११ ग्रॅम चोथा असतो, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत तो ३ ग्रॅमही भरत नाहीं. म्हणून भाताची मूद लहान करून तिच्या जागीं भाकरी घ्यावी. जागीं घ्यावी, जोडीस नव्हे. नाहीं तर चोथ्याबरोबर पिष्टही वाढेल आणि शर्करा चढेल. मटकीची किंवा मुगाची उसळ, मेथी, चाकवत, माठ, अंबाडी ह्यांपैकीं एक पालेभाजी, काकडीची वा मुळ्याची कोशिंबीर, जवसाची चटणी, हें ताटांत नित्य असावें. फळांपैकीं एक मध्यम पेरू किंवा लहान वाटीभर पपई ही कोठा व शर्करा ह्या दोहोंच्या दृष्टीनें मनुकांहून पुष्कळ बरी. फळ चावून खावें. रस काढून चोथा टाकूं नये.

चोथा एकदम वाढवूं नये. दोनतीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, नाहीं तर पोट फुगतें आणि मनुष्य कंटाळून सर्वच सोडून देतो. शिवाय चोथ्यास पाण्याची जोड हवी. दिवसास आठ पेले पाणी पुरेसें आहे. साखर न घातलेलें पातळ ताकही चालतें. ज्यांस मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनीं मात्र पाणी, फळें व पालेभाज्या ह्यांचें प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावें.

उपवासाविषयीं एक शब्द. एकादशीस साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा हा जो फराळ आपण करतों, त्यांत पिष्ट भरपूर आणि चोथा नांवाचाच. दुसऱ्या दिवशीं शर्कराही चढते नि कोठाही अडतो. व्रत मोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, काकडी आणि ताक हेंही उपवासास चालतेंच. मात्र इन्सुलिन घेणाऱ्यानें निरंकार उपवास डॉक्टरांस न विचारतां करूं नये. देव भावाचा भुकेला आहे, आपल्या भुकेचा नव्हे.

दुसरें, इसबगोल. गुजरात व राजस्थान ह्या प्रांतीं पिकणाऱ्या एका लहान रोपाच्या बियांवरील ही साल. ती पाणी शोषून फुगते व मळ मऊ ठेवते. शिवाय जेवणानंतरची शर्करा थोडी सावकाश चढते, हा मधुमेह्यास वरचा लाभ. एक चहाचा चमचा पेलाभर पाण्यांत ढवळून, तें दाट होण्यापूर्वीं लगेच प्यावें व वर आणखी एक पेला पाणी घ्यावें. कोरडें तोंडांत टाकूं नये, तें घशांत अडकतें. इतर औषधें आणि इसबगोल ह्यांत दोन तासांचें अंतर ठेवावें. गुण येण्यास एक ते तीन दिवस लागतात, तेव्हां उतावळेपणानें मात्रा वाढवूं नये. बाजारांतील स्वादिष्ट पुड्यांत पुष्कळदां साखर असते, ती वेष्टनावर वाचून पाहावी.

पण एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. चार घांस खाल्ले कीं पोट भरतें, जेवण तासन् तास छातीशीं बसतें, सकाळचें अन्न सायंकाळीं उलटून पडतें, अशीं लक्षणें असतील तर जठराची गति मंदावली असण्याचा संभव आहे. अशा मनुष्यास इसबगोल व फार चोथा हितकर नाहीं. उलट त्याचा गोळा होऊन अडथळा होऊं शकतो. त्यानें आधीं डॉक्टरांकडे जावें.

तिसरें, औषध. ताटानें आणि इसबगोलानें भागलें नाहीं तर औषध घेण्यांत कमीपणा नाहीं. पॉलिएथिलीन ग्लायकोल नांवाची पूड आंतड्यांत पाणी धरून ठेवते. ती रक्तांत जवळजवळ शोषली जात नाहीं, म्हणून शर्करा चढवीत नाहीं. लॅक्टुलोजचें पातळ औषध गोड लागतें, त्यामुळें मधुमेही बिचकतात; त्याचा मुख्य अंश शोषला जात नाहीं, परंतु त्यांत थोडी इतर शर्करा असते, म्हणून मात्रा मोठी असल्यास शर्करा मोजीत राहावें. सोनामुखी आणि बिसॅकोडिल हीं आंतड्यांस चेतविणारीं औषधें; रात्रीं घेतलीं तर सकाळीं गुण देतात. प्रसंगीं तीं उपयोगी पडतात, पण डॉक्टरांस न सांगतां महिनोंमहिने घेण्याचीं नव्हेत. बाजारांतील बहुतेक “नैसर्गिक” चूर्णांत सोनामुखीच असते, हें आम्हांस आमच्या चूर्णाचें वेष्टन उशिरानें वाचल्यावर कळलें. मॅग्नेशियमचे क्षार मूत्रपिंड दुबळें असणाऱ्यानें आपल्या मनानें घेऊं नयेत.

चौथें, संवय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातवा अध्याय स्वाभाविक वेगांविषयीं आहे. मूत्र, पुरीष, शिंक, जांभई इत्यादि तेरा वेग मनुष्यानें रोखूं नयेत, असा त्यांत उपदेश आहे. हा अध्याय आम्ही तरुणपणीं वाचला होता, आणि तरीही तास चालूं असतां वेग दाबून धरण्याचें व्रत आम्हीं छत्तीस वर्षें निष्ठेनें पाळलें ! वाचलेलें आणि आचरलेलें ह्यांतील अंतर तें हेंच. जेवल्यावर, विशेषतः सकाळच्या न्याहारीनंतर, मोठ्या आंतड्यास आपोआप चालना मिळते. त्या वेळीं दहा मिनिटें स्वस्थ बसावें. उंच भांड्यावर बसणाऱ्यांनीं पायांखालीं वीतभर उंचीचा पाट घ्यावा, म्हणजे उकिडवें बसल्यासारखें होऊन मळ सुलभ उतरतो. कुंथूं नये. मधुमेहानें ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या आहेत, त्यांस जोरानें कुंथल्यास डोळ्यांत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. हृद्रोग्यासही तें वाईट. आणि जेवणानंतर पंधरावीस मिनिटें चालावें. ह्या एका उपायानें शर्करा व कोठा दोन्ही सुधारतात. चालतांना पायांत काय घालावें, तें गेल्या मासीं सांगितलेंच आहे.

पुढील लक्षणें दिसतांच घरगुती उपायांत वेळ घालवूं नये. मळांतून रक्त पडणें, कारणावांचून वजन उतरणें, पांडुता येणें, पन्नाशीनंतर शौचाची रीत एकाएकीं बदलणें, ह्यांची तपासणी लवकर करावी. पोट ताठ फुगून उलट्या होऊं लागल्या आणि वाताही सरेना, तर त्याच घटकेस इस्पितळ गांठावें. आणखी एक फसवें लक्षण आहे. बरेच दिवस कोठा अडल्यानंतर वृद्ध मनुष्यास एकाएकीं पातळ, थोडें थोडें होऊं लागतें. घरचे समजतात कीं जुलाब लागले, आणि ते बंद करण्याची गोळी देतात. वास्तविक आंत खडा अडकलेला असून पातळ मळ त्याच्या बाजूनें झिरपत असतो. त्या गोळीनें संकट वाढतें.

आतां आमच्या भगिनीस उत्तर. आज रात्रींपासून गुलकंद आणि मनुका बंद कराव्या. यजमानांच्या सर्व गोळ्यांची, त्या कधीं सुरू झाल्या त्या तारखांसह, एक यादी करावी. शौचास कोणत्या दिवशीं झालें व त्या दिवशींची शर्करा किती, ह्याची दोन आठवड्यांची वही ठेवावी. आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे स्वतः बरोबर जावें. यजमान संकोचानें बोलणार नाहींत, तर आपण बोलावें. वर्षभराचा उपद्रव आहे, तेव्हां तपासणी होईपर्यंत केवळ ताटावर विसंबूं नये.

“पोट कीं साखर ?” असें त्यांनीं विचारिलें आहे. व्याकरणांत ज्यास वैकल्पिक द्वंद्व म्हणतात, त्या समासाचा विग्रह “किंवा” घालून होतो. आम्हीं वर्गांत मुलांच्या वह्यांतून हजारों वेळां लाल शाईनें दुरुस्त केलेली चूक येथें पुन्हां दिसते. हा समास वैकल्पिक नव्हे, इतरेतर आहे; ह्याचा विग्रह “पोट आणि साखर” असाच करावा. दोन्ही पदें प्रधान आहेत. एकास सांभाळिलें म्हणजे दुसरें आपोआप अर्धें सांभाळिलें जातें.

पुढील मासीं मधुमेही मनुष्याच्या दांतांविषयीं लिहूं.